चाळीस डाव्या बाह्या

१

स्वयंपाकघरात चमचा पडला.

एवढासा आवाज, पण निजलेल्या घरात केवढा तरी वाटला. मी भिंतीला टेकून बसले होते. उघड्या डोळ्यांनी झोपले होते म्हटलं तरी चालेल. चार दिवस चढ-उतार करून माझ्या लेकीचा, गुंडीचा ताप आज सकाळी कुठं उतरला होता. चमच्याच्या आवाजानं तिनं एक पाय पांघरुणाबाहेर काढला, नाक खाजवलं आणि पुन्हा झोपली. मी धरून ठेवलेला श्वास सोडला.

सोडला न सोडला तोच जिन्यातून हाक आली.

"धाकटे! अगं ए धाकटे! डाव्या बाह्या कुठं ठेवल्यास?"

हाक माझ्या मोठ्या जाऊबाईंची. आम्ही दोघी वरच्या मजल्यावर राहतो आणि खालच्या दोन खोल्यांत आमचा शिलाईचा कारखाना आहे. पाच मशिनं, कापड पसरायचं एक लांब टेबल आणि एक इस्त्री. 'कारखाना' हा जाऊबाईंचा शब्द. माझा नवरा महिन्यातले वीस दिवस ट्रक घेऊन बाहेर असतो, त्याच्या लेखी त्या 'दोन खोल्या आणि चिक्कार कटकट'.

दार उघडं ठेवून मी खाली गेले.

एका छापखान्यातल्या कामगार बायकांसाठी चाळीस कोट शिवायचे होते. निळसर राखाडी, जाड कापडाचे, सगळे एकाच सैल मापाचे. आमची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. ही पसंत पडली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. परवा कापड कापून झालं. काल कोटांची अंगं शिवून झाली. आज बाह्या लावायच्या, परवा सकाळी माल पोचवायचा.

फळीवर उजव्या बाह्यांचा गठ्ठा होता. चाळीस. सुतळीनं बांधलेला, वर चिठ्ठी लावलेली. त्याच्या शेजारची जागा मोकळी होती.

"तुम्ही इस्त्रीखाली बघितलं?" मी विचारलं.

"इस्त्रीखाली, टेबलाखाली, मोरीत सुद्धा. आता फक्त तुझ्या डोक्यात बघायचं राहिलंय."

चाळीस कोट हँगरला टांगलेले होते. बिनहातांचे, एका रांगेत उभे. कुणीतरी शरण यायला सांगावं आणि वर करायला हातच नसावेत, तसे.

२

पहिली आली सुसाट. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण ती मशीन मारायला लागली की भिंतीवरचं घड्याळसुद्धा मागं पडतं, म्हणून सुसाट.

"फक्त डाव्या?" ती म्हणाली. "मग सोपं आहे. गावात उजवा हात नसलेला चोर शोधा."

"तुला विनोद सुचतात!" जाऊबाई कडाडल्या. "काल शेवटी कुलूप कुणी लावलं?"

"मी. आणि किल्ली तुमच्या हातात दिली." सुसाटनं स्वतःहून पर्स टेबलावर उपडी केली. डबा, कंगवा, दोन बॉबिन आणि घडी घातलेला एक कागद. कागदावर एका खोलीचं माप होतं. कुठं दार, कुठं खिडकी, आणि तीन चौकोनांत 'मशीन, मशीन, मशीन'.

जाऊबाईंनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला.

"स्वतःचं काढतेयस?"

"बघतेय नुसती. बघायला काय जातं?"

"म्हणजे जाता जाता आमची ऑर्डर बुडवून…"

"बुडवायची असती तर कॉलरी नेल्या असत्या, जाऊबाई." सगळ्याच त्यांना जाऊबाई म्हणतात; नातं माझं, पण वापरतं अख्खं गाव. "कॉलरीला आतून चिकटवायचं कापड लागतं, इस्त्री लागते, दोन दिवस जातात. बाह्या काय, एका दिवसात पुन्हा कापता येतात. मी सुसाट असले तरी बिनडोक नाही."

मला ते पटलं. आणि पटलं म्हणून जास्त टोचलं. ज्याला नुकसान करायचं त्यानं बाह्या नेल्या नसत्या. ज्याला चोरी करायची त्यानं नुसत्या डाव्या नेल्या नसत्या. शेजारीच नव्या कात्र्या होत्या, दोऱ्याचे कोन होते, न उघडलेला बटणांचा खोका होता. मग नेल्या कुणी, आणि कशाला?

दुसरी आली काजवाली मावशी. काज-बटणं आणि हातशिलाईचं काम तिचं. वय साठीला टेकलेलं. संध्याकाळी राहिलेलं काम ती मोठ्या पिशवीतून घरी नेते, सकाळी आणते. कारखान्यातून रोज काहीतरी घेऊन बाहेर पडणारं माणूस एकच.

जाऊबाई त्या पिशवीकडे बघत राहिल्या. मावशीच्या लक्षात आलं.

"बघा ना," ती म्हणाली. "माझ्यापासून काय लपवता? मला दोन हात आहेत आणि दोन्ही चालतात. नुसत्या डाव्या बाह्या नेऊन करू काय, उशांना घालू?"

पिशवीत आधीच्या ऑर्डरचे सहा सदरे, सुईची डबी आणि चष्मा. बाह्या नव्हत्या.

"इथं नाहीत म्हणजे घरी नसतील असं नाही," जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या हळू बोलतात तेव्हाच भीती वाटते. "मावशी, बाह्या सापडेपर्यंत तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मावशीनं सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं टोपण काढून टेबलावर ठेवलं. टक्, एवढाच आवाज झाला.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "सून तर वाटच बघतेय. म्हणेल, बरं झालं, आता बसा घरी आणि भांडी घासा."

"संध्याकाळपर्यंत थांबा," मी मध्ये पडले. "मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या, जाऊबाई. मी शोधते."

"तू?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. केस न विंचरलेले, ब्लाउज उलटा, खांद्यावर औषधाचा डाग. "तुला तुझी चप्पल सापडत नाही, धाकटे."

सुसाटसुद्धा हसली नाही.

३

एक गोष्ट सांगायला हवी. नाहीतर मी एवढी का धडपडत होते ते कळायचं नाही.

मी या धंद्यात शिरले ती दोरे तोडायला. शिवून झालेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कात्रीनं तोडायचे, दिवसभर. मग बटणं, मग दुमडी, मग मशीन, मग कॉलर, आणि सगळ्यात शेवटी खडू. कापडाच्या थरावर पुठ्ठ्याचे साचे मांडून आखणी करायची. आखणी चुकली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून टेबलाशी उभं राहायचा मान मोठा. दोऱ्यांपासून खडूपर्यंत यायला मला नऊ वर्षं लागली. त्यात गुंडीचा जन्म झाला.

या वर्षात माझ्या दोन चुका झाल्या. एकदा खिसे दोन बोटं खाली आखले, एकदा कॉलर आखूड गेली. दुसऱ्या वेळी जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "तिसऱ्यांदा चूक झाली तर खडू खाली ठेवायचा. पोर मोठी होईस्तोवर मशीनवर बस. तुझ्या झोपेची किंमत कापड का मोजणार?"

बरोबरच होतं त्यांचं. म्हणूनच जास्त लागलं.

आता निदान या भानगडीत माझा हात नव्हता. आखणी माझी होती, पण बाह्या तर नंतर गेल्या. चोर पकडला की मावशी वाचेल आणि जाऊबाईंना कळेल की दमलेल्या बाईचंसुद्धा डोकं चालतं. असा माझा हिशेब.

तिसरे आले मास्तर. कटिंग तेच करतात. आखलेल्या रेघेवरून चाळीस थर मशीननं एकदम कापणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मला खडू धरायला त्यांनीच शिकवलं. कधी नव्हे ते दोन तास उशिरा आले, गालाला रुमाल लावून.

"दात," ते म्हणाले. चहा नको म्हणाले.

"मास्तर, परवा गठ्ठे तुम्हीच बांधलेत ना?"

"मीच बांधतो. नेहमीच."

"डाव्या बाह्यांचा बांधला होता?"

मास्तर कात्रीची धार बघायला लागले. "मी बांधायचे ते गठ्ठे बांधले, पोरी. पुढचं मला विचारू नकोस."

तेवढ्यात जिन्यावर पांघरूण सरपटत असल्याचा आवाज आला. पांघरुणात गुंडी होती.

४

कारखान्यात गुंडीची एक जागा ठरलेली आहे. टेबलाखाली, चिंध्यांच्या पोत्याजवळ. कपाळ गार होतं तिचं. मी तिला तिथं बसवलं, बिस्किट दिलं आणि तिच्यासमोरच जमिनीवर टेकले.

तिनं पोत्यात हात घातला. तिला काय हवं असतं ते मला माहीत आहे. टेबलावर दोन बाह्या शेजारी शेजारी आखल्या की त्यांच्या गोल माथ्यांच्या मधे कापडाचा एक तुकडा उरतो. वर सरळ कड, खाली टोक, दोन्हीकडे निमुळते होत गेलेले पंख. गुंडी त्यांना पाखरं म्हणते. प्रत्येक ऑर्डरनंतर तिची पाखरं जिन्यात, पलंगाखाली, माझ्या डब्यात सुद्धा सापडतात.

"आई, ही पाखरं लंगडी आहेत."

"हं."

"बघ ना! एक पंख जाड, एक बारीक. सगळ्यांचे तसेच." तिनं पाच-सहा ओळीनं मांडली. "एका गालाला सूज आलीय यांच्या. मास्तरआजोबांसारखी." मग टेबलाच्या कडेखालून तिनं मास्तरांकडे डोकावून पाहिलं. "पण आजोबांचा गाल कुठं सुजलाय?"

"असू दे गं," मी म्हणाले. दमलेल्या माणसाचे कान ऐकतात, पण आत पोचायला वेळ लागतो.

मग पोचलं.

मी एक पाखरू उचललं, दुसरं उचललं. पोत्यातली सगळी शोधून काढली. एकूण एक पाखरू तसंच, एका अंगानं जाड.

बाहीचा माथा दोन्हीकडे सारखा नसतो. पाठीच्या बाजूला जास्त फुगीर, छातीच्या बाजूला खोलगट; नाहीतर हात पुढं करता येणार नाही. म्हणून साच्यावरून एक बाही आखली की साचा पालथा घालून दुसरी आखायची. एक उजवी, एक डावी, एकमेकींकडे आरशासारखी तोंडं केलेल्या. मग मधलं पाखरू दोन्ही पंखांनी सारखं असणारच.

साचा पालथा घातलाच नाही तर? तर फुगीर बाजूशेजारी खोलगट बाजू येणार. पाखरू लंगडं होणार. आणि या कापडाला उलटसुलट आहे. वरून तिरक्या रेघा, मागून फिकट. उजवी बाही उलटवून डावी म्हणून लावता येत नाही.

डाव्या बाह्या चोरीला गेल्याच नव्हत्या. त्या कधी कापल्याच गेल्या नव्हत्या. टेबलावरून त्या दिवशी ऐंशी उजव्या बाह्या उतरल्या होत्या.

त्यांतल्या चाळीस फळीवर होत्या. उरलेल्या चाळीस कुणीतरी उचलून नेल्या होत्या. ज्याला हे पहिल्यांदा दिसलं असेल त्यानं. म्हणजे ज्यानं गठ्ठे बांधले त्यानं.

मी टेबलाखालून वर बघितलं. कात्री तिथंच होती. मास्तर नव्हते.

५

मास्तर दोन गल्ल्या सोडून एका खोलीत एकटे राहतात. गुंडीला सुसाटपाशी सोडून मी गेले. दार उघडंच होतं. ते पलंगावर बसले होते. रुमाल खिशात होता आणि गाल माझ्यासारखाच बसलेला होता.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

"पाखरांवरून."

"तुझ्या पोरीला कामावर घ्यायला पाहिजे." त्यांनी पलंगाखालून चादरीचं गाठोडं ओढलं. "हे बघ. या मोजून घे."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आली ती दया. पांढऱ्या भुवया, थरथरणारा अंगठा. या माणसानं आयुष्यभर रेघेबाहेर सुतभर कापलं नाही, आणि आता म्हातारपणी हे. मी शब्द शोधत म्हणाले, "मास्तर, डोळे दाखवून घेऊ. मी जाऊबाईंना सांगते नीट. कुणाच्याही हातून होतं."

त्यांनी नुसती मान हलवली. म्हणाले, "सांग. म्हणावं, मास्तर म्हातारा झाला. कापडाला ऑर्डर देऊन ठेवलीय मी कालच. तोच माल, तोच रंग, उद्या दुपारी येतो. गुपचूप चाळीस डाव्या कापून फळीवर ठेवणार होतो. तुम्ही उद्याच्या आधी बाह्यांना हात लावणार नव्हता. त्या सुसाटनं एक दिवस आधीच अंगं शिवून टाकली." ते किंचित हसले. "मी सगळ्याचा विचार केला, तिच्या पायाचा केला नाही."

मी चादरीची गाठ सोडली. मोजायचं म्हणून वरची बाही उचलली.

ती सगळ्यात वरच्या थराची होती. तिच्यावर खडू होता.

खडू माझा होता. मी वळण घेताना खडू जरा तिरका धरते, रेघ एका बाजूला जाड होते. ही तशीच होती. माथ्याच्या अर्ध्यावर ती तुटली होती आणि बोटभर सरकून पुन्हा सुरू झाली होती.

मला ती दुपार आठवली. परवाची. एक बाही आखून झालेली. वर गुंडी रडत होती. मी साचा सरकवून ठेवला, पालथा घालायचा राहिला आणि रेघ सुरू केली. अर्ध्यातून उठले, वर गेले, पट्टी ओली करून कपाळावर ठेवली. खाली आले, साचा होता तिथंच दाबून उरलेली रेघ ओढली. पुन्हा वर गेले. त्या दुपारी मी तीनदा जिना चढले होते. चोर शोधायला मी सकाळपासून सगळ्यांच्या पिशव्या बघत होते.

कापणारा रेघेवरून कापतो.

"तुम्ही मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"कापायच्या आधी मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही. अर्धी चूक माझी," मास्तर म्हणाले. "आणि तिसरी तुझी. जाऊबाई काय म्हणाल्या होत्या, मी तिथंच होतो." त्यांनी चादर पुन्हा बांधायला घेतली. "तू काही बोलू नकोस. माझं चुकायचं वय आहे. कुणी काही म्हणणार नाही. मावशीलाही मीच सांगतो. तू जा, पोर वाट बघत असेल."

किती सोपं होतं ते. मला फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसायलाही जोर लागतो हे मला तेव्हा कळलं, कारण तेवढासुद्धा माझ्यात उरला नव्हता.

गाठोडं मी उचललं. दारात मास्तर म्हणाले, "वेडी आहेस."

"तुम्हीच शिकवलंत. रेघ चुकली तर झटकायची नाही, दुसरी ओढायची."

"कापडाबद्दल बोललो होतो मी," ते म्हणाले आणि चप्पल घालून माझ्यामागून निघाले.

६

सगळे टेबलाभोवती होते. मी चाळीस बाह्या टेबलावर ठेवल्या, शेजारी फळीवरच्या चाळीस, मध्ये गुंडीचं एक लंगडं पाखरू. साचा ठेवून दाखवला. एकदा पालथा घालून, एकदा न घालता. समजायला वेळ लागला नाही. सगळ्या त्याच कामातल्या.

"आखणी माझी," मी म्हणाले. "बाह्या मास्तरांनी नेल्या, पण मला वाचवायला. मावशीचा काही संबंध नाही. सुसाटचाही नाही."

मशिनं बंद होती. इस्त्री तेवढी अधूनमधून वाफ सोडत होती.

जाऊबाईंनी आधी छापखान्यात फोन केला. एक दिवस वाढवून मागितला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. त्या "हो, हो, चूक आमचीच" एवढंच म्हणत राहिल्या. 'आमचीच' म्हणाल्या. एक दिवस मिळाला.

मग त्या मावशीकडे वळल्या. टेबलावरचं टोपण उचललं, पदरानं पुसलं, पुढं केलं.

"उद्या वेळेवर या."

मावशीनं टोपण घेतलं. "येईन. यायलाच लागतं. पण आता रोज दारातच पिशवी उघडून दाखवीन. तुम्ही नको म्हणालात तरी."

जाऊबाईंच्या तोंडावर चपराक बसल्यासारखं झालं. त्यांनी ती घेतली. मोठ्या आहेत त्या, घेता येतं त्यांना.

शेवटी त्यांनी माझ्यासमोर तळहात धरला.

"मी सगळ्यांसमोर बोलले होते, धाकटे."

"हो."

"शब्द मागं घेतला तर उद्या मावशीला काय तोंड दाखवू? तिला तर चूक नसताना घरी बसवत होते."

"हो, जाऊबाई."

"मला हे आवडत नाहीये."

"मलाही," मी म्हणाले आणि खडू त्यांच्या हातावर ठेवला. झिजून नखाएवढा झाला होता. त्यांनी मूठ मिटली आणि मास्तरांना म्हणाल्या, "आजपासून आखणी तुम्ही बघा." मास्तरांनी मान हलवली, माझ्याकडे न बघता.

सुसाटनं तिच्या शेजारचं मशीन पुसून दिलं. "ये," ती म्हणाली. "इथं वारा लागतो." एवढंच. विनोद नाही केला. तिचा तो खोलीच्या मापाचा कागद माझ्या बॉबिनखाली ठेवलेला होता. मी न बघितल्यासारखं केलं.

उजव्या बाह्या तर लावायच्याच होत्या. मी पहिला कोट घेतला, काप जुळवले आणि पाय दाबला. हात आपोआप चालायला लागले. नऊ वर्षांची सवय. एक बाही, दुसरी बाही. एकाच बाजूचे हात फुटत चालले होते कोटांना. डोळ्यांत पाणी होतं की झोप, सांगता आलं नसतं.

गुंडी टेबलाखालून निघाली. पांघरूण ओढत माझ्या मशीनजवळ आली आणि पायाला टेकून बसली. थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिली. तिथं मास्तर एकटेच कापड सारखं करत होते.

"तू आता तिथं नाही उभी राहणार?"

"नाही गं. इथं बसून करणार."

"मी वर रडत होते म्हणून?"

"छे, छे. तू कशाला. ताप होता ना तुला?"

तिनं विचार केला. मोठ्या माणसांसारखी भुवई वर केली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, गार, हलका.

"आई," ती म्हणाली, "मी मोठी झाले की तुला परत टेबलावर घेतील?"